‘मुलींनी केमिस्ट्री घेऊ नये’ म्हणे! एका क्यूसीवालीचं उत्तर

बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर करिअरतज्ज्ञ उगवतात, हे दरवर्षीचंच. यंदा मात्र ‘बीएस्सी केमिस्ट्रीला अ‍ॅडमिशन घेण्याआधी दोन मिनिटे काढून वाचा! एका निवृत्त प्राध्यापकाचा कळकळीचा सल्ला’ या मथळ्याचा एक मेसेज जरा जास्तच जोरात फिरतोय. प्राध्यापकाचं नाव नाही, कॉलेजचं नाव नाही, कुठला विषय शिकवायचे तेही नाही. नुसतीच कळकळ. माझ्या दोन ग्रुपांवर तो आधीच येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकले होते. मग तासगावहून वहिनीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, गौरीचा फॉर्म भरायचा थांबवलाय. ते मुलींचं लिहिलंय ते खरं असतं का हो?’

गौरी माझी भाची. सांगलीला बीएस्सी केमिस्ट्री करायचं हे तिचं अकरावीपासून ठरलेलं. तर शेवटी मी तो मेसेज बसून वाचला. त्यात म्हटलंय ते असं: बीएस्सी केमिस्ट्रीवाला आयुष्यभर दहा हजारांवर बाटल्या धुतो. औषध कंपन्यांत कायद्यानेच फक्त बी.फार्म.वाले चालतात, बीएस्सीवाल्यांना बंदी आहे. मुलींनी तर या वाटेला जाऊच नये, कारण ‘लॅबमधील केमिकलच्या वासाने शरीरातील उष्णता वाढते व पुढे मातृत्वास अडथळा येतो, लग्न जमवतानाही लोक हे विचारतात’. सरकारी नोकरीत केमिस्ट्रीला जागा शून्य. परदेशात तीन वर्षांची डिग्री कचऱ्यात जमा. आणि उरलंसुरलं एआय खाणार. सगळ्यात खाली एक मोबाइल नंबर आहे. त्या नंबराकडे शेवटी येते.

मी बोईसरला राहते. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे माल बाहेर पडण्याआधी तो तपासणाऱ्या लॅबमध्ये. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, मग एमएस्सी. मला दोन मुलं आहेत. हे पुरावा म्हणून सांगत नाही, एका बाईच्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही. पण वहिनीने पहिल्यांदा तेच विचारलं असतं, म्हणून सांगून टाकलं.

मुलींच्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण फॉर्म त्याच्यामुळे अडलाय.

‘शरीरातील उष्णता’ मोजायचं उपकरण आमच्या लॅबमध्ये नाही, त्यामुळे ती बाजूला ठेवू. ‘केमिकल’ हा शब्द घेऊ. केमिकल म्हणजे कुठलं? किती? किती वेळ? श्वासातून, कातडीतून की पोटातून? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर पुढे बोलण्यात अर्थच नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मुलं काय हाताळतात? पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, कॉस्टिक सोडा, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, पोटॅशियम परमँगनेट, ईडीटीए. शर्टाला भोक पडेल, बोटं तपकिरी होतील, अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं की डोळ्यांत पाणी येईल. यातल्या कशाने मातृत्वाला ‘अडथळा’ येतो, हे त्या प्राध्यापकांनी एकदा लिहून द्यावं.

आता जे खरं आहे तेही सांगते, कारण ते लपवलं तर माझ्यात आणि मेसेजवाल्यात फरक काय राहिला? प्रजननाला घातक अशी रसायनं आहेत, आणि उद्योगात ती वापरली जातात. डायमिथाइल फॉर्मामाइड, म्हणजे आमचं डीएमएफ. २-मेथॉक्सिइथेनॉल. एनएमपी. ही तिन्ही सॉल्व्हंट, म्हणजे पदार्थ विरघळवायची द्रवं. शिशाची संयुगं. यांच्या ड्रमवर आणि बाटलीवर तसं छापलेलं असतं: छातीवर चांदणी फुटल्यासारखी माणसाची काळी आकृती, आणि शेजारी इशारा, की याने प्रजननक्षमतेला किंवा पोटातल्या बाळाला हानी पोहोचू शकते. पण तो इशारा नीट वाचा. पोटातलं बाळ बाईच्याच पोटात असतं, हे कबूल. प्रजननक्षमता मात्र दोघांची असते, आणि वाक्यात ती पहिली लिहिलेली आहे.

रसायनांमुळे कामगारांना मूल न होण्याची जगातली सगळ्यात गाजलेली घटना कुठली, हे कळकळीच्या प्राध्यापकांना ठाऊक असायला हवं होतं. कॅलिफोर्नियात लॅथ्रप नावाच्या गावी शेतीची औषधं बनवणारा एक कारखाना होता. तिथे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, थोडक्यात डीबीसीपी, तयार व्हायचं. जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध. १९७७ मध्ये तिथल्या कामगारांच्या आपापसांतच लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. तपासण्या झाल्या. कुणाचे शुक्राणू अगदी कमी, कुणाचे शून्य. सगळे पुरुष! आणि उंदरांवर याचा असाच परिणाम होतो, हे १९६१ सालीच छापून आलेलं होतं. कामगारांना ते कुणी सांगितलं नाही, इतकंच. तेव्हा मेसेजच्याच न्यायाने जायचं तर केमिस्ट्रीपासून आधी मुलगे लांब ठेवायला हवेत. तसा फॉरवर्ड कुणाला आला असेल तर मला पाठवा.

आणि ते ‘वासाने’. याच शब्दाने माझं डोकं फिरलं. वासावरून धोका ओळखायचा असता तर सोपं होतं सगळं. आमच्याकडे मालातलं पाणी मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन करतात. जुन्या काळच्या कार्ल फिशर रिएजंटमध्ये पिरिडीन असायचं. त्याचा वास असा, की माणूस घरी गेला तरी घरच्यांना कळावं हा आज काय करून आलाय. पुढे पिरिडीनच्या जागी इमिडॅझोल आलं. वासाचा त्रास संपला, सगळे खूश. पण पोटातल्या बाळाला घातक असल्याचा शिक्का इमिडॅझोलवर आहे! म्हणून आमच्या लॅबमध्ये एखादीने दिवस गेल्याचं सांगितलं की तिला कार्ल फिशरवरून आणि सॉल्व्हंटच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या रिव्ह्यूवर बसवतात. बाकीच्यांनीही रिएजंट फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात, काच खाली ओढून, हातमोजे घालूनच भरायचं. कुठल्या बाटलीत काय आहे आणि तिच्याशी कसं वागायचं हे कळायलाच तर केमिस्ट्री शिकायची. ज्याला ते कळत नाही तो नाकावर विसंबतो.

सगळ्याच कंपन्या इतक्या शहाण्या नसतात, हेही माहीत आहे. काही ठिकाणी फ्यूम हूडचा पंखा ऑडिटच्या आठवड्यातच फिरतो. नोकरी लागली की सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि घ्यायची काळजी लिहिलेला कागद, मागून घ्यायची, पंखा चालतो का ते टिश्यूचा तुकडा धरून बघायचं, आणि दिवस राहिले तर पहिल्या महिन्यातच सुपरवायझरच्या कानावर घालायचं, तिसरा महिना उजाडायची वाट बघायची नाही. हा सल्ला मुलींना द्यायला हवा. ‘घेऊच नको’ हा सल्ला नाही, पळवाट आहे.

वहिनीला मी फोनवर आणखी एक विचारलं. आपल्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइड लावतात. कोण लावतं? बायका. बोळ्याने, एकेका डोळ्यावर, दिवसभर. हातात मोजे असले तर असले. ते औषध कातडी सोलतं, आणि अंगात गेलेलं असताना कुणी दारू घेतली तर जिवावर बेततं. युरोपीय संघाने २००८ मध्येच त्याला मंजुरी नाकारली. या बायकांच्या मातृत्वाची काळजी करणारा मेसेज आपल्या गावच्या ग्रुपवर कधी आलाय का? नाही ना? मग जी मुलगी चष्मा, कोट आणि हातमोजे घालून, बाटलीवरचा इशारा वाचून काम करणार, तिचीच एवढी काळजी का? उत्तर उघड आहे. मजुरी करणारी बाई कुणाला खुपत नाही, शिकलेली खुपते.

हे आजचंही नाही. कमलाबाई सोहोनी, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची आयआयएससी) गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, बाई. त्या हटून बसल्या, वर्षभराच्या अजमावणीवर कशाबशा आत शिरल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली. रामन यांनी निदान शरीरातल्या उष्णतेचं कारण दिलं नव्हतं.

मुलींच्या बाबतीत एक तक्रार मात्र मेसेजने केली असती तर मी सही केली असती. कारखाने कायद्याच्या कलम ६६ मध्ये बायकांच्या रात्रपाळीवर बंदी होती, नंतर राज्यांनी अटी घालून ती सैल केली. पण ‘मुलगी आहे, रात्रीचं कसं जमणार’ म्हणून तिला प्रॉडक्शनला न घेता क्यूसी-क्यूएमध्येच, म्हणजे तपासणीच्या आणि कागदपत्रांच्या कामातच, बसवायची सवय अजून आहे. प्लांटचा अनुभव नाही म्हणून पुढे प्लांट हेडची खुर्ची नाही. हा खरा अडथळा आहे आणि तो रसायनांनी घातलेला नाही. लग्न जमवताना विचारणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, संपादकीय भाषेत ते बसणार नाही.

आता दुसरा मुद्दा, औषध कंपन्यांत बीएस्सीवाल्यांना ‘कायद्याने बंदी’. हे धादांत खोटं आहे आणि उलट कायद्यातच लिहिलेलं आहे. औषध नियम, १९४५. देशातला औषधाचा प्रत्येक कारखाना याच नियमांवर चालतो. त्यातले नियम ७१ आणि ७६ उघडा. उत्पादन कुणाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झालं पाहिजे, त्याची पात्रता तिथे दिलेली आहे. फार्मसीचा पदवीधर असेल तर पदवीनंतर औषधनिर्मितीचा अठरा महिन्यांचा अनुभव. आणि लगेच पुढच्या कलमात: रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन विज्ञान शाखेचा पदवीधर झालेला असेल तर तीन वर्षांचा अनुभव. तपासणी विभागाच्या प्रमुखासाठी तर वैद्यक, विज्ञान, फार्मसी यांपैकी कुठलीही पदवी चालते, फक्त औषधं तपासण्याचा अनुभव परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पुरेसा वाटला पाहिजे. आमच्या पट्ट्यातल्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्ड केमिस्ट पाहिजे’ असं असतं ना, ते हेच. अन्न व औषध प्रशासनाने ज्याचं नाव मान्य केलंय असा माणूस. त्या अप्रूव्हलवर पगार बदलतो, कंपनी सोडताना मालक थांबवून घेतो. आमच्याकडे अशी नावं बीएस्सीवाल्यांची भरपूर आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक नियम वाचला असता तर निम्मा मेसेज गळून पडला असता.

अर्धं खरं इथे इतकंच, की अठरा महिने आणि तीन वर्षं हा फरक आहेच. फार्मसीवाला लवकर अप्रूव्ह होतो. शिवाय दोन दरवाजे बीएस्सी केमिस्ट्रीला खरोखरच बंद आहेत. मेडिकल दुकान चालवायला नोंदणीकृत फार्मासिस्टच लागतो, आणि औषध निरीक्षक व्हायचं तर फार्मसीची किंवा ठरावीक विषयांतली वैद्यकाची पदवी. हे आधीच माहीत असावं. ‘केमिस्ट झाली की तिला मेडिकल टाकून देऊ’ म्हणणारे काका प्रत्येक घरात एक असतात.

दहा हजार आणि बाटल्या. हा मुद्दा मला मनापासून खोडून काढायचा होता, पण पूर्ण खोडता येत नाही. सुरुवातीचा पगार कमीच आहे. तारापूरला फ्रेशर बीएस्सीला ट्रेनी म्हणून हातात पंधरा हजारांच्या आसपास मिळतात, छोट्या युनिटमध्ये त्याहूनही कमी. त्यात खोलीभाडं, डबा. पुष्कळांना कंपनी स्वतः घेतच नाही, ठेकेदाराकडून घेते. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीत केमिकल कारखान्यांत झालेले स्फोट टीव्हीवर बघितलेल्या आईबापांना ‘केमिकल कंपनी’ म्हटल्यावर धडकी भरते, त्यात त्यांची चूक नाही. बाटल्या म्हणाल तर त्या मीही धुतल्या आहेत. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क नीट धुतला नसेल तर एचपीएलसीवर, म्हणजे मालातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, नको ते पीक (आलेखातलं शिखर) येतं आणि त्याचा खुलासा लिहिता लिहिता आठवडा जातो, तेव्हा धुणं हे कमी प्रतीचं काम नाहीच.

‘आयुष्यभर’ मात्र खोटं आहे. एचपीएलसी आणि तसंच पण वायूरूपात घटक वेगळं करणारं जीसी हातात बसलं, ऑडिटरसमोर उभं राहून स्वतःच्या नोंदी समजावून सांगता आल्या की दोन-तीन वर्षांत माणूस कंपनी बदलतो आणि पगार उडी मारतो. कुरकुंभ, लोटे, महाड, पाताळगंगा, वाळूज, गोव्यात वेर्णा, पलीकडे वापी-अंकलेश्वर, सगळीकडे हीच ये-जा चालू असते. अडकतात कोण, तेही सांगते. वॉक-इनला मी मुलाखती घेते. पहिला प्रश्न ठरलेला: सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून थेट अचूक द्रावण का करता येत नाही, ते केएचपी या शुद्ध, स्थिर क्षाराने स्टँडर्डाइझ का करावं लागतं, म्हणजे त्याची खरी तीव्रता का ठरवावी लागते? हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेतं, म्हणून. बस, एवढंच हवंय. दुसरा प्रश्न: लॉस ऑन ड्राइंग आणि वॉटर कंटेंट यांत फरक काय? पहिल्यात उडून जाणारं सगळंच आलं, सॉल्व्हंटसुद्धा. दुसऱ्यात फक्त पाणी. फर्स्ट क्लासवाली मुलंही इथे गप्प होतात. ब्युरेट हातात दिली तर खालची वक्र रेषा डोळ्याच्या पातळीवर आणून वाचायची हे माहीत नसतं, कारण तीन वर्षं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाचं बघून उतरवलेलं. याचा दोष डिग्रीला देणार? कॉलेजांना द्या, थोडा मुलांनाही. प्राध्यापकांनी कळकळ दाखवायचीच होती तर इथे दाखवायला वाव होता.

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाने ‘केमिस्ट्रीला जवळपास नोकरी नाही’ म्हणणं तर मजेशीरच. दर दोन-चार गावांआड साखर कारखान्याची चिमणी दिसते. तिच्या खाली लॅब असते, आणि हंगामात तिन्ही पाळ्यांत रसाचा ब्रिक्स, पोल, प्युरिटी (विरघळलेले घन पदार्थ, साखर आणि शुद्धता) काढणारा केमिस्ट असतो. तिथून मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, मग चीफ केमिस्ट अशी शिडी आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत, बीएस्सी करून लोक तिकडे जातात. काम हंगामी, आणि चेअरमन बदलला की वारं बदलतं, हे मात्र तिकडच्यांना मी काय सांगू.

सरकारी जागा ‘शून्य’? माझ्या शेजारीच तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून डिप्लोमा इंजिनिअरांच्या बरोबरीने बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांना घेतं. कलिनाच्या आणि राज्यातल्या इतर न्यायसहायक प्रयोगशाळांत व्हिसेऱ्यापासून बनावट दारूपर्यंत सगळं तपासणारे रासायनिक विश्लेषक असतात. एमएस्सी केली तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा देता येते, अनुभव घेऊन अन्न विश्लेषकाची. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात केमिस्ट हे पद भरतात, त्यालाही एमएस्सी. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे, आणि त्यासाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) अशा जागा आहेत. पेटंट एजंटची परीक्षा नुसत्या विज्ञान पदवीवर देता येते, हे तर कुणाला ठाऊकच नसतं. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गौरीला गणित आहे. जागा कमी, परीक्षा अवघड, निकाल लांबतात, सगळं मान्य. पण शून्य हा आकडा वेगळा असतो.

शिक्षकी पेशाबद्दल मेसेजात एक ओळ आहे, ‘प्राध्यापक होण्याचे स्वप्न विसरा’, आणि ती वाचून मी वाद घालायला गेले नाही. सेट-नेट होऊन वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मैत्रिणी मला आहेत.

परदेशाचं दोन वाक्यांत. इंग्लंडची स्वतःची बॅचलर डिग्री तीन वर्षांची आहे, युरोपात बहुतेक ठिकाणी तशीच, तेव्हा तीन वर्षांची डिग्री कचरा असेल तर केंब्रिजलाही कचरापेटी लागेल. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठं चार वर्षं मागतात हे खरं, पण इथे एमएस्सी करून गेलेल्याची पाच होतात, नव्या धोरणात चार वर्षांचं ऑनर्सही आलंय, आणि तिकडच्या केमिस्ट्रीच्या पीएचडीला सहसा शिकवण्याच्या कामातून फी आणि खर्च भागतो.

एआयचं काय बोलणार? नमुने आपोआप मशीनमध्ये सोडणारा ऑटोसॅम्पलर येऊन जमाना झाला, रात्री माणूस घरी असताना मशीन शंभर इंजेक्शनं घेतं. सकाळी येऊन स्टँडर्डचं वजन बरोबर होतं का, पीक नीट कापलंय का हे बघून सही करायला माणूसच लागतो, कारण उद्या ऑडिटर सही करणाऱ्याला बोलावतो. पुढे काम बदलेल, बदलू दे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांचं काम मात्र एआयने खरंच घेतलेलं दिसतंय, मेसेजची भाषा तशीच आहे.

तर तो नंबर. मेसेजची शेवटची ओळ अशी: ‘तरीही ज्यांची बीएस्सी झाली आहे त्यांनी निराश होऊ नये. ४५ दिवसांत फार्मा इंडस्ट्री रेडी व्हा. १०० टक्के प्लेसमेंट.’ पाच मिनिटांपूर्वी ज्या इंडस्ट्रीत बीएस्सीला कायद्याने बंदी होती, तिच्यातच! मी फोन लावला, बीएस्सी झालेल्या मुलीची आत्या म्हणून. पलीकडून एक तरुण मुलगा, अगदी गोड बोलणारा. एचपीएलसीवर हँड्स-ऑन ट्रेनिंग आहे म्हणाला. मी विचारलं, ‘मशीन किती आहेत, आणि एका बॅचला मुलं किती?’ ‘मॅडम, सगळी अ‍ॅडव्हान्स मशीन आहेत.’ ‘कॉलम कुठला वापरता?’ ‘ते सर सांगतील.’ ‘प्लेसमेंट म्हणजे कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे?’ ‘मॅडम, टाय-अप आहे.’ फी काही हजारांत, हप्त्यांची सोय. शेवटी विचारलं, मुली घेता का. तो उत्साहाने म्हणाला, ‘घेतो ना मॅडम, मुलींना तर दहा टक्के डिस्काउंट आहे!’

लॅबचा वास, शरीरातली उष्णता, मातृत्व, सगळं दहा टक्क्यांत मिटलं.

ट्रेनिंगचे सगळेच क्लास फसवे असतात असं मी म्हणत नाही. कॉलेजात एचपीएलसी काचेच्या कपाटाआड असेल तर बाहेर शिकावंच लागतं. पण बीएस्सी झाल्यावर पैसे भरून ४५ दिवस बसण्याऐवजी अप्रेंटिस म्हणून अर्ज करता येतो. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आता त्यात साधे पदवीधरही येतात, आणि तिथे कंपनी तुम्हाला स्टायपेंड देते, तुम्ही कंपनीला नाही. केंद्राच्या अप्रेंटिसशिपच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या एचआरला थेट विचारायचं. वहिनीला पोर्टलची लिंक पाठवून ठेवलीय, तीन वर्षांनी लागेल. जाताना एवढंच विचारायचं: काम क्यूसीत आहे की स्टोअरमध्ये, मशीनला हात लावू देणार का, पुढे ठेवून घेतलंत तर पीएफ कापणार का, आणि नेमणुकीच्या पत्रावर नाव कुणाचं, कंपनीचं की ठेकेदाराचं.